अकरा झगे आणि माझे चार पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टूल आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी दमलोय. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना जरा गळा काढायचा असतो म्हणे. मला तेवढीही सवड नाही. कोण कधी येऊन मला ओढत नेईल याचा नेम नाही. 'कोण' म्हणजे एकच. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. वय वर्षं चार.

भिंगरीच्या आईचे वडील सुतार होते. लेकीने घरी शिवणकाम सुरू केलं तेव्हा कुणाच्या तरी दाराचं उरलेलं लाकूड घेऊन त्यांनी मला घडवलं. चार पाय, वर जाड फळी, आणि सगळे सांधे खाचेत पक्के बसवलेले. "गिऱ्हाईक उभं करायला काहीतरी हवं ना तुला," म्हणाले.

तेच माझं काम. गिऱ्हाईक नवा कपडा घालून माझ्यावर चढतं. आई खाली गुडघ्यांवर बसते. तिच्याकडे एक उभी लाकडी पट्टी आहे आणि पट्टीवर, माझ्या फळीच्या दोन बोटं वर येईल अशी, एक खूण कोरलेली आहे. पट्टी जमिनीला टेकवायची आणि खुणेच्या रेषेत कापडावर खडू ओढत गोल फिरायचं. जमीन तीच, मी तोच, खूण तीच. मग कपड्याची खालची कड कुणाचीही असो, जमिनीपासून बरोबर दोन बोटं वर. "तुमच्या हातचा घेर म्हणजे कसा सरळ!" असं बायका म्हणायच्या तेव्हा आई हसायची. मीही मनातल्या मनात हसायचो. त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं.

मग भिंगरी चालायला लागली आणि माझी नोकरीच बदलली. बिस्किटांचा डबा, दिव्याचं बटण, बाथरूमचा नळ, दाराची कडी, जे जे तिच्या हाताला लागत नव्हतं ते ते माझ्या पाठीवर उभं राहून लागायला लागलं. या घरात झालेल्या प्रत्येक गुन्ह्याच्या जागी मी सापडलो आहे.

त्यात नाताळ आला की विचारू नका. बालवाडीला सुट्टी. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज आहे नाताळ?" नाही म्हटलं की रडं. दात घासून झाले की पुन्हा, "आता?"

तिच्या बाबांनी नाताळचं झाड सजवलं. तिने मला झाडाखाली ओढलं आणि खालचे सगळे काचेचे गोळे काढून उशीखाली झोपवले. बाबांनी सजावट एक हात वर सरकवली. ती टाचा उंचावून उभी राहिली. आता झाड कमरेपासून खाली उघडं आहे आणि डोक्यावर सगळी जत्रा. फांद्यांवरचा कापसाचा बर्फ बाहुलीच्या गादीत गेला. भेटवस्तू कपाटावर लपवल्या होत्या, त्या तिने उघडून पाहिल्या आणि अख्खं चिकटपट्टीचं रीळ लावून परत बंद केल्या. आता कुणी विचारलेलं नसताना सांगत फिरते, "आत काय आहे मला माहीतच नाही. लाल गाडी नाहीये."

याच दिवसांत आईकडे मोठं काम आलं. चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींचे अकरा पांढरे झगे. एवढं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच येत होतं. गायनमास्तर स्वतः येऊन सांगून गेले.

"ताई, मागच्या वर्षी उसने झगे घातले. कुणाचे घोटे दिसत होते, कुणाचा झगा जमीन झाडत होता. लोक गाणं सोडून आमचे पाय बघत बसले. यंदा अकराही जण एका रेषेत दिसले पाहिजेत."

"दिसतील," आई म्हणाली. "चोवीस तारखेला दुपारी घेऊन जा."

पहिल्या दिवशी पाच जण माझ्यावर चढून गेले. पण दोन माणसांच्या मध्ये मी जागेवर असेन तर शपथ! माझे पाय फरशीवर घासले की खर्रर्र आवाज येतो. तोंडात टाचण्या धरूनच आई ओरडायची, "भिंगरे! ठेव तो स्टूल!"

"अगं, किती ओरडशील? लहान आहे ती," बाबा म्हणाले.

"मग सांभाळ ना तू. एक तास घे फक्त."

बाबांनी घेतलं. तासाभराने आई बघायला गेली तर बाबा खुर्चीत घोरत होते. त्यांच्या मिशीला कापसाचा बर्फ चिकटवलेला होता आणि भिंगरी माझ्यावर उभी राहून त्यांच्या टकलावर झाडाची चांदणी बसते का ते बघत होती.

आता या मुलीची अक्कल पाहा. आपला आवाजच आपल्याला पकडून देतो हे तिच्या लक्षात आलं. तिने स्वतःचे चार मोजे आणले. आईच्या शिलाईतल्या जाड चिंध्या त्यांत ठासून भरल्या, माझे पाय एकेक करून आत घातले आणि भेटवस्तूंच्या फिती सोडून वर बांधल्या. दुसऱ्या दिवशी मी मांजरासारखा घरभर फिरलो. आईने पाहिलं. आधी डोळे वटारले, मग तिला हसू फुटलं.

"राहू दे बाई तसंच. निदान ती खर्रर्र तरी गेली."

आणि त्याच दिवशी उरलेले सहा जण मापाला आले. आई पट्टी टेकवत होती, खडू ओढत होती, गुणगुणत होती. घरात कधी नव्हे ती शांतता होती ना! मला मात्र घाम फुटला होता. अहो, मी वर उचलला गेलोय, जरा खाली बघा! पण लाकडाचं कोण ऐकतं?

तेवीस तारखेला दुपारी अकराही जण झगे घालून ओळीत उभे राहिले. खालची दुमड अजून कच्च्या टाक्यावरच होती. मास्तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालत गेले. पाच झगे जमिनीपासून दोन बोटं वर. सहा झगे जमिनीला टेकलेले.

"ताई," मास्तर हळूच म्हणाले, "उद्या संध्याकाळी गायचंय आम्हाला."

"माझा झगा वाढला की मीच खचलो?" जाड्या आवाजात गाणारे काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

आईचा चेहरा उतरला. तिने पट्टी तपासली, खूण तपासली. शेवटी तिची नजर माझ्यावर आली.

"हा स्टूलच गेलाय. वीस वर्षं झाली, पाय वाकले असतील. एवढ्या वर्षांचं माझं नाव घालवलं मेल्याने. ने हा खाली, दे भंगारात."

मित्रांनो, वीस वर्षं! मी एकदाही डगमगलो नव्हतो. भिंगरीच्या बाबांनी मला उचललं. आम्ही दारापर्यंत पोचलो आणि मागून किंकाळी आली.

"थांबा! त्याचे मोजे माझे आहेत!"

तिला माझं काही नव्हतं, मोज्यांचं होतं. बाबांनी मला खाली ठेवलं. तिने फिती ओढल्या, एक मोजा काढला आणि मी एका बाजूला कललो. तिने चारही काढले आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन बोटं खाली आलो.

सगळे भिंगरीकडे बघायला लागले. तिने मोजे पाठीमागे लपवले. आई म्हणू शकत होती, ही कार्टी बघा, हिने केलं. कुणीही मानलं असतं.

"मास्तर, स्टूल चांगला आहे," आई म्हणाली. "पोरीचीही चूक नाही. मोजे मी बघितले होते. बरं झालं आवाज गेला म्हणून हसलेसुद्धा होते. चूक माझी. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

सहाही झग्यांची दुमड उसवायची होती. आईच्या हातात पट्टी नि खडू. बाबांना सुई धरता येत नाही. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी खाली पाहिलं.

"भिंगरे, हा पांढरा दोरा दिसतो? तो ओढून काढायचा. कापड नाही ओढायचं."

"सगळा काढू?"

"सगळा."

मित्रांनो, उसवायला जन्माला आलेल्या मुलीला कुणीतरी पहिल्यांदाच उसवायचं काम दिलं होतं. ती खाली मांडी घालून बसली, जीभ बाहेर काढून दोरे ओढत राहिली, आणि चक्क तासभर जागची हलली नाही. एकेक झगा सुटत गेला तसा एकेक जण माझ्यावर चढला. माझे पाय उघडे होते, फरशीला घट्ट टेकलेले. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे उद्याची गाणी गुणगुणत होते. काका चढले तेव्हा मी जरा कुरकुरलो, पण तसूभरही हललो नाही.

दिवेलागणीला अकराही जण पुन्हा ओळीत उभे राहिले. मास्तरांनी वाकून पाहिलं, पुन्हा वाकून पाहिलं आणि कंबर धरून उठले.

"एक रेघ," ते म्हणाले. आई भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

त्यानंतर भिंगरी सुधारली असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या घरात लहान मूल नाही. त्याच रात्री जेवायच्या आधी तिने पडद्याची शिवण उसवून ठेवली. शाबासकी हवी होती तिला.

तेव्हा मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला दाराबाहेर काढण्याआधी एकदा वाकून तिच्या पायांशी काय आहे ते बघा. आणि घरात चार वर्षांचं कुणी असेल, तर रोज वाका.