जानरावांचं धुराडं

"भाऊ, उतरा आता. ऊन डोक्यावर आलं," शिडी धरून उभ्या असलेल्या शेजारच्या बेबीताई खालून ओरडल्या.

जानराव टिनाच्या छपरावर पालथे पडले होते. छपराला पाडलेल्या भोकातून त्यांनी धुराड्याचा नळ वर ओढला, तारेने बांधला आणि मगच खाली उतरले. भट्टी त्यांनी स्वतःच केली होती. ट्रकच्या जुन्या ब्रेकड्रममध्ये कोळसा, खालून हाताने फिरवायचा पंखा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर लोखंड ठोकलं. निवृत्त झाल्यावर हातांना करमेना, म्हणून वलगावच्या घरामागे हे छप्पर घातलं. आता गावातले लोक विळे, कुऱ्हाडी घेऊन येत.

त्यांनी कोळसा पेटवला, पंखा फिरवला. धूर नळापर्यंत गेला, घुटमळला आणि उलटा खाली आला. दोघंही खोकत बाहेर पळाले.

"एवढासा नळ! भट्टीवर फुंकणी उभी केल्यावानी दिसून राह्यला," बेबीताई डोळे पुसत म्हणाल्या.

जानराव हसले नाहीत. याच धुरापायी त्यांची बायको सत्यवती अकोल्याला गेली होती. दिवाळीत तिला धाप लागली आणि मुलगी प्रियदर्शनी तिला घेऊन गेली. थंडी सरली की येते, म्हणाली होती. थंडी सरली, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, सत्यवती आली नाही.

संध्याकाळी तिचा फोन यायचाच.

"लागलं का धुराडं?"

"लागलं, पन धूर वापस येते. मी म्हन्तो, मोडूनच टाकतो हे भट्टी. तू ये."

"खबरदार! तुमी रिकामे बसले का मले जास्त धाप लागते."

दुसऱ्या दिवशी जानरावांनी तेलाचे रिकामे ड्रम आणले. पत्रा कापला, गोल वळवला, रिबिटी मारल्या. चांगलं रुंद धुराडं झालं. भट्टीवर पत्र्याचाच एक पदर उतरवला, म्हणजे धूर इकडेतिकडे भटकणार नाही. वर टोपी बसवली. काम करताना त्यांना वाटायचं, आत्ता मागून हाक येईल, 'चहा थंडा होऊन राह्यला.' ते मान वळवून बघायचे. मागे तिने लावलेला कढीपत्ता तेवढा उभा असायचा.

भट्टी पेटवली. धूर पदराखाली गोळा झाला आणि सरळ वर निघून गेला. त्यांनी तिथूनच फोन लावला. "ये आता."

रविवारी सत्यवती आली. प्रियदर्शनीचा हात धरून अंगणातून छपरापर्यंत आली. आधीच्या सवयीने तिने पदर नाकाला लावला होता.

"काढ तो पदर," जानराव म्हणाले. "पाह्य, खाली बोटभर धूर नाई."

तिने पदर काढला. छपरातून बाहेर गेलेल्या धुराड्याकडे मान वर करून पाहिलं आणि हसली. मग एकाएकी बाजेवर बसली. खांदे वरखाली व्हायला लागले. आसपास धूर नव्हताच. जानरावांचा पंख्यावरचा हात थांबला.

प्रियदर्शनीने त्यांना बाजूला नेलं. "बाबा, धुराचं निमित्त होतं. तिची छातीच थकली. राती मशीन लावा लागते नाकाले. डॉक्टर मनते, दवाखान्याजवळच राहू द्या."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तिनंच सांगू देलं नाई. रोज विचारे, बाबाचं धुराडं कुठवर आलं. तुमी काम करून राह्यले याचीच खुशी होती तिले."

जानराव पत्र्याच्या पदरावरची काजळी बोटाने पुसत राहिले.

"तिकडं काय कुजबुज चालली?" सत्यवतीला श्वास सापडला होता. "पंखा फिरवा ना. मी काय थंडी भट्टी पाहाले आली एवढ्या दुरून?"

"काय करू, सांग."

"पोया उलटाचा सराटा द्या करून मले. पोरीचा लय पातळ हाय, पोयीखालीच वाकते."

जानरावांनी पट्टी निखाऱ्यात घातली. लाल झाली की ऐरणीवर घ्यायची, ठोकायची, पुन्हा निखाऱ्यात. सत्यवती बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. कधी त्यांच्या हातांकडे बघे, कधी कडुनिंबावरून जाणाऱ्या धुराकडे. "थोडा रुंद," ती मध्येच म्हणाली. त्यांनी रुंद केला. मूठ वळवली, कानशीने कडा घासल्या. पुन्हा घासल्या. झाला, असं म्हणायला ते तयारच नव्हते.

"बाबा, बस चुकन," प्रियदर्शनी म्हणाली.

फाट्यावर अमरावतीची बस उभीच होती; तिथून पुढे अकोल्याची गाडी. जानरावांनी सत्यवतीला खिडकीजवळ बसवलं आणि खाली उतरले.

"जेवत जा येळेवर," ती खिडकीतून म्हणाली.

"हो."

बस निघाली. इतर लोक हात हलवत होते. सत्यवतीने हात बाहेर काढला नाही. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या फडक्यावर होते. आत गुंडाळलेला सराटा अजून कोमट होता.