सून, नळ आणि न शिजणारी डाळ

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, आतून कल्हई केलेला. मित्रांनो, तुमच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा मी पणजोबाच! माझं झाकण फिरवून घट्ट केलं की एस.टी. कितीही हादरो, थेंब सांडत नाही. धुळ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि लताबाईंच्या लग्नात आंदण म्हणून मी एरंडोलजवळच्या खेड्यात आलो.

किती गावांचं पाणी या पोटात राहिलं! कुठलं गोडं, कुठलं मचूळ, कुठल्याला औषधाचा वास, हे मला बरोबर कळतं. पण तांब्याला विचारतं कोण?

लताबाईंच्या घरी तीस वर्षं शेतातल्या विहिरीचं पाणी होतं. मग दारात बोअरच्या पाण्याचा नळ आला आणि त्याच महिन्यात धुळ्याची ज्योत्स्ना सून म्हणून आली. लताबाईंनी हौसेने स्वयंपाकघर तिच्या हाती दिलं. झालं! डाळ रुसली. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा अख्खा. वरण-बट्टीला पाहुणे बोलावले, तर ताटात डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. खापर फुटलं सुनेवर, नळ मात्र साळसूद! माझ्या पोटात पांढरा थर धरत होता, तो लताबाई चिंचेने घासून काढत आणि पुन्हा सुनेलाच बोलत.

"माहेरले जाय. सैपाक शिकीसन मंग ये," असं एके दिवशी त्या म्हणाल्या आणि ज्योत्स्नाची पिशवी भरून स्वतःच तिला धुळ्याला सोडायला निघाल्या. परगावचं पाणी बाधतं, म्हणून मला घरच्या नळावर काठोकाठ भरून घेतलं. वाटभर ज्योत्स्ना मला मांडीवर धरून बसली होती. तिच्यासाठी माझा जीव तुटत होता.

तिची आई प्रमिलाबाई भांडली नाही. तिने चहा दिला. लताबाई मात्र डाळ कशी शिजवतात ते दाखवायला पदर खोचून उठल्या. कुकरमध्ये तिथल्याच नळाचं पाणी घातलं. तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी!

"देखा, विहीणबाई! याले हात लागस!"

चार महिन्यांत एकदाही उलट न बोललेल्या ज्योत्स्नाने तेव्हा मला उचलून पुढे केलं. "आत्याबाई, आता तुम्हीच या पाण्यात शिजवा."

तीच डाळ, तोच कुकर, तोच हात. पाच शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं, तर दाणे अख्खे! लताबाईंनी एक दाणा बोटांनी चेपून पाहिला, मग दुसरा.

"मन्ही चूक व्हयनी, पोरी," त्या अखेर म्हणाल्या. "तुना हात चांगला शे, आपलं पानीज जड शे. चाल, घर चाल."

पिशवी त्यांनी स्वतः उचलली. मला धुळ्याच्या नळावर भरून घेतलं आणि बसमध्ये पहिला घोट सुनेला दिला. इतक्या वर्षांत इतकं गोड पाणी मी कधी वाहिलं नव्हतं! आता डाळीपुरती एक कळशी शेतातल्या विहिरीवरून येते.

मित्रांनो, मी सगळ्याच पाण्यांचा ऋणी आहे. जड असो वा हलकं, प्रत्येकाने कुणाची तरी तहान भागवली. तेव्हा पाणी जपा, चाखा, पारखा. पण माणसाला नावं ठेवण्याआधी जरा थांबा. ज्योत्स्ना चार महिने गप्प राहिली. प्रत्येकीला तेवढा धीर असतोच असं नाही.