बाबांची गुणगुण माझ्या अंगावरून जायची

डॉक्टरसाहेब, तुम्ही अर्धंच सांगितलंत. "मुलीला बोलणं ऐकू येईल," म्हणालात, ते खरं झालं. पण तिला जे आधीपासून ऐकू येत होतं ते जाऊ शकतं, यावर मात्र मूग गिळून बसलात. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मला बोलावं लागतंय.

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. ठकूच्या डाव्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या हाडाच्या पोकळीत मी राहते. भिंगाखाली वाकून बसलेल्या कामगार बायकांनी मला घडवलं. मऊ रबरी अंग आणि त्यावर प्लॅटिनमचे बारीक ठिपके. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं, त्याची वीज करून माझ्याकडे पाठवतं आणि मी ती ठकूच्या नसेला देते. ठकूला पहिल्यांदा आईची हाक कळली तेव्हा सगळं घर रडलं. महिन्याभरात आई म्हणू लागली, "आधी ही ऐकत नव्हती, आता आमचं कुणाचं ऐकून घेत नाही!" माझं कौतुक झालं. मी फुशारले, खोटं कशाला बोलू?

पण एक आवाज माझा नव्हता.

ठकूचे बाबा सुतार. रंधा मारताना ते खालच्या सुरात गुणगुणतात. ठकूला जन्मापासून मोठा आवाजही कळत नसे, पण जाड, खालचे सूर थोडे कळत. ती लहानपणापासून बाबांच्या पाठीला कान लावून बसायची आणि ठेक्यावरून गाणं ओळखायची. मी आत आल्यावरही हा खेळ चालू राहिला. आंघोळ झाली, यंत्र अजून टेबलावरच आहे, केस ओले आहेत, तशीच ती पाठीला चिकटायची. त्या वेळी मला वीज नसे. मी नुसती पडून असे. आणि मग शंखाच्या पोकळीत भरलेलं पाणी हलायचं. बाबांची गुणगुण हलक्या लाटेसारखी माझ्या अंगावरून पुढे, आतल्या टोकापर्यंत जायची. मित्रांनो, मी पाठवते ते ठिपके असतात. ती लाट होती. तिच्यासाठी मी रोज वाट बघायचे.

शरीराला परकं कळतं. पायात काटा राहिला तर भोवती मांस घट्ट होतं ना, तसंच माझं झालं. आधी राखणदार पेशी आल्या, मला चाचपून गेल्या, पुन्हा आल्या. मग माझ्याभोवती चिवट पापुद्रा चढला. पुढे तो जाड झाला, काही ठिकाणी तर हाडासारखा टणक झाला. यंत्र जुळवणाऱ्या ताई दर खेपेला वीज थोडी वाढवत राहिल्या, म्हणून बोलणं पोचत राहिलं. पाण्याला मात्र हलायला जागा उरली नाही. सगळ्यांचं असं होत नाही. काहींचं उरलेलं ऐकणं टिकतं. ठकूच्या या कानातलं टिकलं नाही.

एका सकाळी ती नेहमीसारखी, यंत्र न लावताच, डावा कान लावून पाठीला चिकटली.

"बाबा, गा ना!" बाबा काही बोलले, ते तिला कळलं नाही. "नका ना चिडवू, गा की!"

बाबा वळले. बोट स्वतःच्या गळ्याकडे नेत, ओठ सावकाश हलवत म्हणाले, "अगं राणी, केव्हाचा गातोय मी."

ठकूने डोकं फिरवलं, उजवा कान लावला आणि हसली. तेव्हापासून ती उजवाच कान लावते. मी पापुद्र्यात पडून त्या लाटेची आठवण काढते.

हे बाबांनी तुम्हाला सांगितलं, साहेब. मी तिथेच होते, तिच्या कानात. तुम्ही म्हणालात, "बोलणं कळतंय ना? मग त्या गुणगुणीचा उपयोग काय? आता उजव्या कानातही बसवून टाकू." बाबांनी विचारलं, "त्या कानातलंही जाईल का?" तुम्ही म्हणालात, "फार विचार करू नका हो." आणि तारीख दिलीत.

मित्रांनो, मी वाईट नाही. माझ्यामुळे ठकू शाळेत हात वर करते. उजव्या कानातही माझी बहीण येऊ दे, हवी असेल तर. पण तिला हळूच, हलक्या हाताने आत सरकवतात. सूज आवरायला औषध देतात. एवढं करूनही धोका उरतो, आणि तो आधी सांगायचा असतो. कुणाचा कान उघडण्याआधी तो काय ऐकतो, एवढं तरी विचारायला शिका.

साहेब, तारीख जवळ आली आहे. ठकू रोज उजवा कान बाबांच्या पाठीला लावून बसते. ती गुणगुण जाऊ शकते, हे तिला कोण सांगणार? ती नको म्हणाली तर तुम्ही थांबणार का?

उत्तर द्या. मला नको. तिच्यासमोर बसा, तिला तुमचे ओठ दिसतील असे, आणि तिला द्या.