बाकावरच्या

रांग लागली तशा बाकावरच्या चौघी आणखी अंग चोरून बसल्या. पुरुषांचं झालं होतं, आता बायका उठत होत्या, आणि पुढे वेदीच्या पडद्याशी धर्मगुरू अबूना बिसंती ख्रिस्तप्रसादाचं तबक घेऊन उभे होते.

उजव्या अंगाला, जाड खांबामागे, न फिरणाऱ्या पंख्याखाली हा बाक. त्याला नाव नव्हतं, पण इजिप्तमधल्या मल्लावी गावातल्या प्रत्येक कोप्टिक ख्रिस्ती बाईला तो ठाऊक होता. महिन्याच्या त्या दिवसांत मिस्साला यायचं, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही, असा नियम. मग रांग लागली की कोण बसून राहिली ते सगळ्या चर्चला न सांगता कळतं. सासवांना तर काही विचारावंच लागत नाही. सून दोन महिने बाकावर दिसली नाही, की तिसऱ्या महिन्यात त्या लोकरीच्या दुकानात.

विदाद त्या बाकावर गेल्या उन्हाळ्यापासून बसत होती. दर शुक्रवारी. तिचं थांबतच नव्हतं.

ती पन्नाशीला टेकलेली. पोस्टाच्या खिडकीवर नोकरी, लग्न राहून गेलेलं. शुक्रवारी दुपारी चर्चच्या वरच्या खोलीत ती मुलींचा वर्ग घ्यायची. मुली तिला तासोनी म्हणत, म्हणजे ताई. एक पिढी तिच्या हाताखालून गेली, आता त्यांच्या मुली येत होत्या. मोठ्या मुलींना दार लावून ती हा बाकाचा नियमही शिकवायची, कारण आयांना लाज वाटायची आणि त्या हे काम तिच्यावर ढकलून मोकळ्या व्हायच्या.

सुरुवातीला बाकावरच्यांनी तिची थट्टा केली. गिर्गिसची आई तर म्हणाली होती, "तासोनी, आता बाक नावावरच करून घ्या," आणि सगळ्या खांबाआड तोंड लपवून हसल्या होत्या. विदादही हसली होती. मग तिचा चेहरा कागदासारखा होत गेला आणि थट्टा आपोआप बंद पडली.

मिन्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढावी लागेल. हृदय कमकुवत आहे, भूल दिल्यावर काय होईल सांगता येत नाही. नाही काढली तर काय होईल ते मात्र नक्की सांगता येतं. शनिवार ठरला. म्हणजे हाताशी एकच शुक्रवार उरला. मरणाची भीती तिला होतीच, कुणाला नसते, पण जवळजवळ वर्षभर उपाशी राहिलेल्या जिभेनं टेबलावर जाऊन पडायचं याची भीती जास्त होती.

तिला इस्पितळात न्यायला कैरोहून भाची आली, वेरीना. भावाची मुलगी, बारीक कापलेले केस, बायकांचे खटले चालवणाऱ्या वकिलाकडे कामाला. आल्या आल्या ती आत्याशेजारी मुलुखियाच्या भाजीची पानं खुडायला बसली आणि पानांबरोबर संतांनाही खुडू लागली. हा नियम शुभवर्तमानात कुठे आहे, दाखव म्हणाली.

शुभवर्तमानात नाही, हे विदादला माहीत होतं. अलेक्झांड्रियाचे बिशप संत दियोनिसियस यांनी सतराशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बिशपांना उत्तर पाठवलं होतं, त्यात तो आहे. ती वर्गात तो आदरानं सांगायची.

"म्हणजे दोन बिशप," वेरीना म्हणाली, "एकमेकांना पत्रं लिहून आपलं ठरवतायत. त्यांतल्या एकानं तरी एखाद्या बाईला विचारलं का, की बाई गं, तुझं काय म्हणणं आहे?"

"त्या काळात बायकांना कोण विचारायचं?"

"आणि या काळात?"

विदादनं देठ टोपलीत टाकला. तिनं संतांची बाजू सोडली नाही. ज्यांच्या तसबिरींपुढे ती लहानपणापासून मेणबत्त्या लावत आली, ते काही दुष्ट नव्हते. वाळवंटात राहिले, छळ सोसला, श्रद्धा राखली. ती म्हणाली, शुभवर्तमानातल्या, बारा वर्षं रक्त जाणाऱ्या त्या बाईनंही प्रभूच्या अंगाला हात लावला नाही, नुसता कपड्याचा काठ धरला. संत दियोनिसियस हेच तर सांगतात.

वेरीना याचीच वाट बघत असावी. ती म्हणाली, तीनेकशे वर्षांनी रोमच्या संत ग्रेगरींनी तीच बाई घेतली आणि लिहिलं की तिनं काठ धरला ते जर चुकलं नाही, तर बाकीच्यांना अडवायचं कशाला? बाई एकच, संत दोन.

विदादनं हातातली पानं निवडून संपवली. मग म्हणाली, "ग्रेगरी आपला नाही. तो रोमशी आपली फाटाफूट झाली त्यानंतरचा."

"मग फाटाफुटीनंतर बायकांचं रक्त बदललं का गं, आत्या?"

विदादला हसू आलं, आणि हसताना पोटात कळ आली म्हणून तिनं भिंत धरली. वेरीनाचा वाद तिथंच संपला.

संत दियोनिसियस यांच्या पत्रातली एक गोष्ट भाचीच्या नजरेतून सुटली होती. आत्याच्या सुटली नव्हती. ज्या खऱ्या भाविक आहेत, त्यांच्या मनातही अशा अवस्थेत पुढे जाण्याचा विचार येणार नाही, असं संतांनी लिहिलं होतं. वर्गात ही ओळ ती जरा मान ताठ करून सांगायची. आता आपण अबूनांकडे विचारायला गेलो, तर आपण कोण ठरलो? रात्रभर ती याच्याशीच झोंबत राहिली, आणि सकाळी उठून विचारायला गेली.

अबूना बिसंती तिच्याहून लहान. त्यांची बायको एकेकाळी तिच्याच वर्गात होती. त्यांना तो शब्द उच्चारता येईना. ते दाढीकडे बघत 'तो त्रास, तो त्रास' म्हणत राहिले. माणूस मनानं चांगला. तिला फार बोलावंच लागलं नाही. आजार म्हणजे काही ते नव्हे, ते म्हणाले, आजाऱ्याला कुठला आलाय नियम. शुक्रवारी या, रांगेच्या अगदी शेवटी उभ्या राहा. तिनं त्यांचा हात चुंबला. ती दारापाशी पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली.

"तासोनी, मुलींपर्यंत हे जाऊ देऊ नका. आज तुमचं कळलं, तर उद्या जी ती येऊन म्हणेल, अबूना, मीपण आजारी आहे."

तिनं कबूल केलं. रस्त्यानं येताना तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पावलं हलकी वाटली. घराच्या वळणावर मात्र ध्यानात आलं, की सूट मिळाली ती आजाराला, बाईला नाही.

वेरीनानं आधी तिला मिठी मारली. मग अट ऐकली आणि हातातला डाव खाली ठेवला. हे तर चोरून झालं, म्हणाली. विदाद म्हणाली, बाई, तत्त्व सांगू नकोस, घेऊ की नको एवढं सांग.

"घे," वेरीना म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "घेच तू, आत्या."

शुक्रवारी विदाद ठेवणीतली पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन बाकावर बसली. शेवटी उठायचं, तोवर रोजच्या जागी बसलेलं बरं. मिस्सा अर्ध्यावर आल्यावर तिच्या शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. युस्तीना. तिच्या वर्गातली, तेरा वर्षांची, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. आज कानापर्यंत लाल झाली होती आणि पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती. तिचा भाऊ पुढे वेदीशी गाणाऱ्या सेवकांच्या ओळीत उभा होता. त्यानं एकदा मागे बघितलं आणि झटकन मान वळवली.

"तासोनी, तुम्ही आहात ना इथे?" ती पुटपुटली.

विदादनं मान हलवली.

रांग लागली. वेरीना तीत होती, जाताना तिनं आत्याला डोळ्यांनी खूण केली. बायका हनुवटीखाली पांढरा रुमाल धरून पुढे जात, ख्रिस्तप्रसाद घेत, आणि कण सांडू नये म्हणून तोच रुमाल तोंडावर दाबून पाणी प्यायला बाजूला होत. रांग विरळ झाली. शेवटच्या दोघी उरल्या. विदाद उठली.

तिची बाही ओढली गेली.

"तुम्हीपण चाललात?"

एवढ्या लहान तोंडातून एवढा म्हातारा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती वाकली. "तूपण चल."

"मी?"

"माझ्याबरोबर चल. मी सांगत्येय ना."

युस्तीना तिच्याकडे टक लावून बघत राहिली. वर्गात तासोनी कधीकधी मुद्दाम फसवा प्रश्न टाकायची, आणि जी फसत नाही तिला शाबासकी मिळायची. मुलीनं खालचा ओठ चावला.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय. जी खरी भाविक असते तिच्या मनातसुद्धा येत नाही."

विदादला सांगता आलं असतं. मी आजारी आहे, मला परवानगी आहे, उद्या माझं काय होईल माहीत नाही. पण अबूनांना शब्द दिलेला होता. आणि तो मोडला असता, तरी त्यातून या मुलीच्या वाट्याला काय आलं असतं? तोच बाक.

पडद्याशी अबूना थांबले होते. तबक दोन्ही हातांत धरून ते खांबाकडे बघत होते, आणि त्यांच्यामुळे पुढच्या ओळीतल्या बायकाही मागे वळून बघू लागल्या. सेवकांच्या झांजा वाजत राहिल्या. विदादच्या तोंडाला पाणी सुटलं, खरोखरच सुटलं, लहान मुलाला सुटतं तसं.

ती खाली बसली.

अबूना आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग तबक झाकून आत गेले.

मिस्सा सुटल्यावर दोघी अंगणात आल्या, तेव्हा वेरीना पाण्याची बाटली उघडून उभी होती. तिनं आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आत्याची बाही धरलेल्या मुलीच्या हाताकडे बघितलं. तिच्याजवळ बोलायला खूप असणार. तिनं नुसती बाटली पुढे केली.

"गाडी दुपारची ना?" विदादनं विचारलं.

वेरीनानं मान हलवली.

विदाद युस्तीनाकडे वळली. सकाळपासून काही पोटात गेलंय का, तिनं विचारलं. काल रात्रीपासून नाही, मुलगी म्हणाली. ती आज रांगेत जाणारच होती, उपास धरला होता, आणि पहाटे उठली तर हे असं.

"मग पाणी तरी पी."

युस्तीनानं बाटली घेतली आणि घटाघटा प्यायली. प्यायल्यावर, रांगेतून परतताना इतकी वर्षं करत आली होती तसाच, तिनं रुमाल काढून तोंडावर धरला, आणि काही सांडू नये म्हणून जपून चालत फाटकापर्यंत गेली.