शेपटीवरची मान

सरपंच भिमाजीअण्णांचं नाव काढलं तरी माझ्या अंगाची लाही लाही होती. का म्हनाल तर ऐका.

गावच्या बागेत लांब मानेचा डायनासोर उभा करायचं काम माझ्या नवऱ्यानं, बाबाजाननं घेतलं. सळया मी वाकवल्या, जाळी मी बांधली, सिमेंटचा हात त्यांचा. चार महिने राबलो. पुढं तीस फूट मान, मागं तेवढीच शेपूट. शेपटीत दगड भरले तवा कुठं मान वर राहिली. त्यात मानेला झोका टांगायची हौस अण्णांची! हे शंभरदा म्हनले, "अण्णा, शेपटीला हात लावू नका. सगळा तोल तिच्यावर हाय."

उद्घाटन शुक्रवारी चारला. दुपारी हे नमाजाला गेले, मी भाकरी टाकायला घरी. येऊन बघतो तर शेपूट बुडापासून कापलेली! का, तर नगरच्या पाव्हन्यांचं स्टेज मावत नव्हतं.

"अहो अण्णा, मान खाली येईल ना!"

"तास झाला की, हाय का न्हाई उभा? चांगल्या कामात अपशकुन करू नको, शबनम."

डायनासोरच्या खांद्यापाशी चीर पडली हुती. ह्यांनी बोट लावून दाखवली, हात जोडले. अण्णांनी चीर बघितली, हसले आन् माइक घेतला. "चला लेकरांनो, झोक्याला ओळ लावा!"

माझं डोकंच फिरलं. झोक्याची दोरी घट्ट धरली आन् वरडले, "लावा ओळ! पर पैली तुमची नात. बोलवा अश्विनीला!"

नवा फ्रॉक घातलेली अश्विनी टुणकन पुढं आली. तशी अण्णांनी माइक टाकला, धावत येऊन पोरीला उचललं आन् थेट फाटकाबाहेर नेलं.

"म्हंजे ठावं हुतं तुमाला!" माझा आवाज फाटला. "आमची लेकरं काय उकिरड्यावर सापडलीत व्हय?"

अण्णांनी पोरीला कडेवरून खाली ठेवलं न्हाई.

ह्यांनी पोरांना लांब केलं, मानेखाली लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला आन् शिडी लावली. ज्या मानेवर चार महिने हात फिरवला, ती ह्यांनी सोताच ग्राइंडरनं कापली. शिडी मी धरली हुती. वरून सिमेंटची भुकटी माझ्या तोंडावर पडत हुती, आन् स्टेजवर पाव्हन्यांना हार घालणं चालू हुतं.