पलीकडची तार

वाटूरसारख्या गावात कुणी शिडाची होडी आणली तर लोक हसणार न्हाईत तर काय करतील? राधाकिसन उभी उमर नौदलात काढून गावी आला. बायको सुगंधाबाई वारली, लेक आकांक्षा पुण्यात रमली. रिकाम्या घराला कंटाळलेल्या या गड्यानं एक जुनी होडी ट्रकवर घालून थेट गावच्या तलावात आणून टाकली. "म्हशी धुवायच्या पाण्यात जहाज!" म्हणत लोकांनी चार दिवस गंमत बघितली, मंग कुणी फिरकलं न्हाई. एकटा रामेश्वर तेवढा रोज संध्याकाळी यायचा. लहानपणचा सोबती, तारेचं कुंपण घालून देण्यात तरबेज. काठावर बसून तंबाखू मळायचा, पिकापाण्याचं बोलायचा. तेवढ्यासाठी राधाकिसन सकाळपासून वाट बघायचा.

त्या दिवशी तर रामेश्वर होडीत बसायला कबूल झाला. राधाकिसन हरखून शीड आणायला घरी गेला. इकडं होडी काठाला बांधलेली, वारा एका अंगानं लागलेला. डोलकाठीला दोन्ही अंगांनी तारांनी ताणून उभं धरलेलं असतं; अशा वेळी वाऱ्याकडची तार ताठ होते, पलीकडची जरा सैल पडते. ती पडायलाच पायजे. रामेश्वरला काय ठाऊक? कुंपणाची तार कशी टण्ण वाजली पायजे! ढिली तार बघून त्याचे हात शिवशिवले. होडीतला पाना घेतला आन् दिली आवळून.

राधाकिसन परत आला तर डोलकाठी एका बाजूला वाकलेली.

"कोणी सांगितलं होतं हात लावायला? अक्कल हाय का?" खलाशांवर ओरडायचा तसा तो ओरडला.

"ढिली दिसली म्हणून..." एवढंच बोलून रामेश्वरनं पाना खाली ठेवला आन् निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला न्हाई. तिसऱ्याही दिवशी न्हाई.

आता डोलकाठी सरळ करायचं काम दोघांचं. एकानं काठावर लांब उभं राहून डोलकाठी सरळ हाय का बघायचं, दुसऱ्यानं होडीत बसून तारेचा पेच फिरवायचा. राधाकिसन एकटाच पेच फिरवी, गुडघाभर पाण्यातून काठावर येई, बघी, परत जाई. "अजून अर्धा फिरव," असं स्वतःलाच मोठ्यानं सांगी आन् मंग चपापून इकडंतिकडं बघी. ऐकायला होतं कोण? कंबर मोडली, पण डोलकाठी अखेर सरळ झाली.

शीड चढवलं आन् होडी अशी सुटली की काय सांगावं! तलावाच्या मधोमध तो खुशीत बोलून गेला, "बघितलं का रे..." आन् थांबला. समोरची फळी रिकामी होती. भर समुद्रातसुद्धा त्याला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी तो रामेश्वरच्या शेतावर गेला. रामेश्वर खांबाला तार गुंडाळत होता, त्यानं मान वर केली न्हाई. माफी मागायची तर राधाकिसनची जीभ रेटेना.

"तार पुन्हा ढिली पडली," तो म्हणाला. "एकट्याला जमंना."

"खोटं बोलून राह्यला तू. काल बांधावरून बघितलं म्या. बराबर चालल्ती तुझी होडी."

राधाकिसननं घसा खाकरला. "चालल्ती. पर बोलायला कोणी नव्हतं रे."

रामेश्वरनं तारेचं टोक पिळलं आन् पक्कड खांबाला अडकवली.

"मला पवता येत न्हाई," तो म्हणाला. "बुडालो तर आमच्या घरी सांगायला तूच जायचं."

आन् त्यानं चपला पायात सरकवल्या.