डेल्फियाचे शब्द

रॉडनी फ्यूगेटने हर्शेल म्हाताऱ्याच्या मधाच्या टपरीत ट्रक घातला, तेव्हा ओलेटा कॉडिल समोरच्या पुलावर शाळेची रिकामी बस घेऊन थांबली होती. ट्रक आधी मागे गेला, क्षणभर थांबला आणि मग इंजिनाचा मोठा आवाज करत सरळ टपरीवर आला. म्हाताऱ्याचा पाय कंबरेपासून गेला. रॉडनी आणि त्याच्यात बांधावरून जुनं भांडण होतं, हे केंटकीतल्या त्या डोंगरी खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रॉडनीचं म्हणणं एकच होतं, ब्रेक लागले नाहीत. ट्रक मागे जाताना पाहिला तो एकट्या ओलेटाने. साहजिकच साक्षीदार तीच.

रॉडनीची आई डेल्फिया आणि ओलेटा चर्चमध्ये कित्येक वर्षं शेजारीशेजारी उभ्या राहून गात आल्या होत्या. ओलेटाच्या नवऱ्याला, आर्विलला, खाणीतल्या धुळीने छाती भरून इस्पितळात ठेवलं होतं तेव्हा डेल्फियाने आठवडाभर त्यांच्या घरी स्वयंपाक केला होता. त्यामुळे खटला उभा राहायच्या थोडं आधी ती दारात दिसली, याचं ओलेटाला नवल वाटलं नाही. तिने तिला आत बसवलं आणि कॉफी दिली.

हवापाण्याचं बोलून झाल्यावर डेल्फिया म्हणाली, "तू कोर्टात काय सांगणार आहेस गं?"

"जे बघितलं ते."

"एवढ्या लांबून?"

"डेल्फिया, मी पुलावर होते. चंद्रावर नव्हते."

डेल्फिया हसली नाही. कप बाजूला सारून ती म्हणाली, "ब्रेक जायला वेळ लागत नाही, ओलेटा. आज माझ्या पोराचे गेले, उद्या तुझ्या बसचे जातील. त्या घाटातल्या वरच्या वळणावर तर देवच वाली. आत लोकांची लेकरं असतात ना? साक्षीला उभी राहायच्या आधी जरा विचार कर." मग ती उठली, कोपऱ्यात बसलेल्या आर्विलच्या खांद्यावर हात ठेवून तब्येतीची चौकशी केली आणि निघून गेली.

"काय म्हणायचं होतं तिला?" ओलेटाने विचारलं.

आर्विल म्हणाला, "आई आहे ती. पोराची बाजू मांडून गेली. तू आता त्यात भुतं शोधू नकोस."

ओलेटानेही तेच ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी मुलं घेऊन वर जाताना ते वळण आलं आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ब्रेक लागले. सकाळी निघताना ते तपासलेही होते. तरी तिने बस कडेला घेतली, मुलांना खाली उतरवलं, रिकामी बस एकटीने वळणापलीकडे नेली आणि सगळे चालत येईपर्यंत थांबून राहिली. परत येतानाही तेच केलं. मुलांना गंमत वाटली. त्यांच्या आयांना वाटली नाही.

बसगाड्यांचा कारभार लेस्टर नेपियर पाहायचा. लहानपणी तोही तिच्याच बसमधून शाळेत गेला होता. त्याने तिला बोलावून घेतलं.

"मिस ओलेटा, लोक फोन करून माझं डोकं खातायत. पोरांना रस्त्यावर चालवता म्हणे?"

"मला दुसरा मार्ग दे, लेस्टर. सपाटीवरचा."

"देईन. पण का, ते तर सांगा."

तिने बराच वेळ टाळाटाळ केली आणि शेवटी डेल्फियाचं बोलणं सांगितलं. लेस्टरने खुर्ची मागे सरकवली. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला शेरीफला कळवावं लागणार. बसमध्ये मुलं असतात."

"अरे, मी तक्रार करत नाहीये."

"तुम्ही करत नाही. मी करतोय."

शेरीफच्या पोलिसांनी डेल्फियाला तिच्या अंगणातून पकडून नेलं. केंटकीत साक्षीदाराला, ज्यूरीतल्या पंचाला किंवा कोर्टाच्या कामात असलेल्या कुणालाही धमकावणं हा गंभीर गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगात जावं लागू शकतं, आणि साक्षीदाराने माफ केलं म्हणून तो मिटत नाही. ओलेटा सरकारी वकिलाकडे जाऊन म्हणाली, "मला हे नकोय." तो तरुण माणूस सभ्य होता. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि सांगितलं, "बाई, हा खटला तुमचा नाही. सरकारचा आहे. तुम्ही यात फक्त साक्षीदार आहात."

पुढे जे घडलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. रॉडनीने गुन्हा कबूल केला. ट्रकचे ब्रेक शाबूत असल्याचा अहवाल आला होता, त्यामुळे वकिलाने त्याला समजावलं आणि शिक्षा कमी करून घेतली. ओलेटाला त्याच्या खटल्यात एक शब्दही बोलावा लागला नाही. ज्या साक्षीवरून एवढं रामायण घडलं, तिची कुणाला गरजच पडली नाही. आईचा खटला मात्र चालू राहिला.

त्या दिवशी कोर्टात चर्चमधली निम्मी माणसं होती, आणि सगळी डेल्फियाच्या बाजूच्या बाकांवर बसली होती. ओलेटाच्या बाजूला आर्विल आणि त्याची प्राणवायूची नळी. डेल्फियाच्या वकिलाने गोड आवाजात सुरुवात केली.

"ही बाई तुमची मैत्रीण ना?"

"होय."

"'मी तुझ्या बसचे ब्रेक तोडीन,' असं म्हणाली?"

"नाही."

"'रॉडनी काही करील,' असं?"

"नाही."

"म्हणजे एका मैत्रिणीने दुसरीला जपून राहा म्हणून सांगितलं. हो की नाही?"

ओलेटाने डेल्फियाकडे पाहिलं. डेल्फिया मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तिने मान वर केली असती, तर आपण काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक, असं ओलेटाला नंतर वाटत राहिलं.

"तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी मुलांना बसमधून खाली उतरवलं. इतकी वर्षं बस चालवतेय, बर्फातसुद्धा कधी उतरवलं नव्हतं."

वकील जागेवर जाऊन बसला.

ज्यूरीच्या पंचांनी डेल्फियाला दोषी ठरवलं. वय आणि स्वच्छ पूर्वायुष्य बघून न्यायाधीशबाईंनी तिला तुरुंगात धाडलं नाही, देखरेखीखाली घरी सोडलं. अट घातली: ओलेटा कॉडिलशी बोलायचं नाही, निरोप धाडायचा नाही, ती असेल तिथे थांबायचं नाही.

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्री ओलेटाला बाजूला घेऊन म्हणाले, "तू असताना डेल्फियाला इथे पाऊल टाकता येत नाही. ओढ्यापलीकडचं चर्चही आपलंच आहे. तू काही दिवस तिकडे गेलीस तर? तुझ्यावर काही बंदी नाही."

"बंदी नाही म्हणून मी जाऊ?"

"मोठ्या मनाने, म्हणतोय मी."

"मोठं मन सगळे माझ्याकडेच मागतायत," ओलेटा म्हणाली. "मला कोर्टात बोलावलं, मी गेले. विचारलं, ते सांगितलं. मी कुठे जाणार नाही." आणि ती गेली नाही. शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि तिच्याशी बोलणारे कमी झाले.

वसंतात एकदा ती गावातल्या दुकानात कांद्यांपाशी उभी होती. मांडण्यांच्या रांगेच्या टोकाला डेल्फिया ढकलगाडी घेऊन वळली आणि तिला पाहताच थबकली. दोघींनी एकमेकींना नीट पाहून घेतलं. डेल्फिया वाळली होती. तिने भरलेली गाडी तिथेच सोडली आणि वळून दाराबाहेर गेली.

काम करणारी मुलगी आली. "ही गाडी तुमची का हो?"

"नाही. बाहेर मोटारीत बसली असेल ती. मी निघाले की येईल परत." ओलेटाने गाडीत डोकावून पाहिलं. "ते आइस्क्रीम तेवढं फ्रीजमध्ये ठेव, वितळेल."

आपले कांदे घेऊन ती पैसे द्यायला गेली. तिचं बाकीचं सामान घ्यायचं राहिलंच.